मराठी समाजातील घरगुती नावे आणि प्रौढत्व

प्रास्ताविक

नामकरण हा हिंदू परंपरेतील सोळा संस्कारांपैकी एक संस्कार होय. महाराष्ट्रात तो सामान्यतः बाराव्या दिवशी बारशाच्या रूपाने साजरा होतो व अनेक घरांत आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. मात्र पाळण्यातील नाव पत्रिकेत वा दाखल्यात राहते आणि प्रत्यक्षात मूल बाळू, बंडू, छकुली, बेबी अशा घरगुती नावानेच वाढते. हे दुसरे नाव कोणी विचारपूर्वक ठेवीत नाही. तरीही व्यक्तीला ते आयुष्यभर पुरते. म्हणून घरगुती नाव प्रौढ वयात शोभेल काय, हा प्रश्न विचारात घेणे आवश्यक ठरते.

घरगुती नावांचे प्रकार

या नावांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार नातेवाचक नावांचा : नाना, तात्या, अण्णा, भाऊ, ताई, माई. दुसरा मूळ नावाच्या संक्षेपाचा : मणिकर्णिकेची मनू, सखुबाईची सखू. तिसरा केवळ लहानपण सुचविणाऱ्या नावांचा : छोटू, पिंटू, चिंगी.

पहिल्या प्रकारातील नावांत वडीलकीचा अर्थ मुळातच असल्याने ती वयाबरोबर अधिक शोभतात. बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००) हे इतिहासात नाना फडणवीस म्हणूनच ओळखले जातात. दुसरीकडे, लोकमान्य टिळकांचे (१८५६–१९२०) जन्मनाव केशव होते. परंतु घरातील ‘बाळ’ हेच नाव रूढ झाले आणि ‘बाळ गंगाधर टिळक’ या नावात लहानपणाचा लवलेशही उरला नाही.

प्रत्ययांचे कार्य

या परिवर्तनामागे भाषेची एक सोय आहे. मराठीत राव, पंत, साहेब, बाई, ताई ही पदे जोडून नावाला प्रौढत्व देता येते. बाळूचा बाळासाहेब होतो, बाबूचा बाबूराव. ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाच्या लेखिका बेबी कांबळे (१९२९–२०१२) बेबीताई म्हणून आदराने ओळखल्या गेल्या. याउलट ‘चिंटूसाहेब’ म्हटले की ऐकणाऱ्याला थट्टाच वाटते. आदरार्थी पद जे नाव सहज स्वीकारते ते मोठेपणी टिकते, असे म्हणता येईल. मात्र आधुनिक कार्यालयांत ‘सर’ व ‘मॅडम’ या संबोधनांमुळे ही जुनी पदे मागे पडत आहेत. त्यामुळे नावाला प्रौढ करणारा आधार कमी होत असून मूळ निवडीचे महत्त्व वाढले आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. विवाहानंतर नाव बदलण्याच्या रूढीमुळे माहेरचे लाडके नाव माहेरीच राहते. झाशीच्या राणीची ‘मनू’ विवाहानंतर ‘लक्ष्मीबाई’ झाली.

नोंदीचा प्रश्न

घरातील हाक शाळेच्या हजेरीपटावर चढली की ती कायम होते. सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’, म्हणजे नको असलेली, या नावाने वाढलेल्या २८५ मुलींना २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने समारंभपूर्वक नवी नावे दिली. हे उदाहरण टोकाचे आहे. परंतु घरातील उच्चार मुलाच्या आत्मसन्मानाशी किती निगडित असतो, हे त्यातून स्पष्ट होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नावाशिवायही जन्माची नोंद होऊ शकते व नाव नंतर दाखल करता येते. त्यामुळे पालकांनी घाई करण्याचे कारण नाही.

समारोप

नाव ठरविताना पालकांनी त्याचे घरगुती रूप काय होईल याचाही विचार करावा. त्या रूपापुढे ‘राव’ वा ‘ताई’ लावून ते मोठ्याने उच्चारून पाहावे आणि शाळेत त्याचे ‘या’कारान्त रूप कसे होईल तेही तपासावे. बारशाला जमलेली मंडळी पाळण्यातील मुलाकडे पाहून नाव ठेवतात; परंतु ते नाव पुढे चाळिशीतल्या माणसाला वागवायचे असते. लाड आणि मान ही दोन्ही ज्या हाकेत सामावतात, ती हाक व्यक्तीला कधी अपुरी पडत नाही.