काश्मिरी माशीमार ओळखावा कसा?

आम्ही हिशेबाच्या वह्या सांभाळणारी माणसे. एका खात्याची रक्कम चुकून दुसऱ्या खात्यात पडली, तर सबंध ताळेबंद बिघडतो, हे आम्ही नेहमी अनुभवतो. पक्ष्यांच्या मोजणीचेही तसेच आहे. काश्मिरी माशीमार या चिमुकल्या पक्ष्याची ओळख म्हणूनच आज वाचकांना करून द्यावीशी वाटते.

चिमणीहून लहान, जेमतेम १३ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी. उन्हाळ्यात तो काश्मीर व पीर पंजालच्या डोंगररानात झाडाच्या ढोलीत घरटे करतो. सप्टेंबरात दक्षिणेची वाट धरतो आणि ऑक्टोबरात श्रीलंकेच्या डोंगराळ भागात पोचतो. तेथील नुवारा एलियाच्या बागेत, चहामळ्यांच्या कडेला तो हिवाळा काढतो. काही पक्षी निलगिरीतही थांबतात. मार्चअखेर पुन्हा परतीचा प्रवास!

अडचण आहे ती ओळखण्याची. त्याचाच भाऊबंद असलेला लाल छातीचा माशीमार हिवाळ्यात आपल्या महाराष्ट्रातही येतो. दोघेही शेपटी वर उडवतात. दोघांच्याही काळसर शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरा रंग असतो. तेव्हा शेपटीवर विसंबू नये, गळा पाहावा. लाल छातीच्या नराचा नारिंगी रंग गळा आणि छातीच्या वरच्या भागापुरताच असतो. काश्मिरी नराचा रंग अधिक गडद. तो छातीवरून कुशीपर्यंत उतरतो आणि त्याच्या दोन्ही कडांना काळी किनार असते. ही किनार म्हणजे त्याची सहीच समजा! मादी मात्र करड्या-तपकिरी, साध्या रंगाची. तिला ओळखताना जाणकारही अडखळतात.

काश्मीरची जंगले तुटल्याने या पक्ष्याच्या घरट्यांच्या जागा कमी झाल्या. जगातील धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. अशा वेळी दुसराच माशीमार पाहून कोणी 'काश्मिरी दिसला' अशी नोंद केली, तर तो कागदावर वाढतो आणि रानात घटत राहतो. कागदावर भरपूर असलेल्या पक्ष्याच्या जंगलासाठी मग भांडणार कोण?

म्हणून काळी किनार दिसली नाही, तर 'माशीमार, प्रकार नक्की नाही' एवढेच लिहावे. घरातल्या मुलांनाही हीच सवय लावू या. जे दिसले, तेवढेच वहीत उतरवायचे. खोट्या नोंदीपेक्षा कोरी ओळ केव्हाही बरी!