आवाज न करणारी घरगुती चित्रपेटी

हल्ली प्रत्येक घरात एक तरी चांगला मोबाईल असतो आणि त्यात पोरीच्या लग्नाचे, आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचे, गावच्या सप्ताहातल्या कीर्तनाचे चित्रण असते. ते पाहायचे म्हटले की सहा माणसे त्या तळहाताएवढ्या पडद्यावर वाकतात. पुढे मोबाईल विहिरीत पडतो किंवा बिघडतो, आणि सगळे त्याच्याबरोबर जाते. वारलेल्या माणसाचा आवाज पुन्हा भरून घेता येत नाही. हे सारे एका जागी ठेवून घरच्या टीव्हीवर दाखवील अशी एक लहानशी पेटी घरच्या घरी जुळवता येते. थोडे इंग्रजी वाचणारा मुलगा किंवा मुलगी घरात असली तर एका दुपारचे काम आहे.

आधी खर्च वाचवण्याची गोष्ट सांगतो. आपल्या टीव्हीच्या मागे पेनड्राइव्हचे तोंड आहे का ते पाहावे. असल्यास पेनड्राइव्ह लावून आपली चित्रणे चालतात का ते आठ दिवस करून बघावे. सगळी नीट चालली तर पुढचे काही विकत घेण्याचे कारण नाही. बहुतेक ठिकाणी मात्र काही चालतात, काही चालत नाहीत, नाहीतर आवाज येतो आणि चित्र येत नाही. नव्या मोबाईलमधले चित्रण एच.२६५ नावाच्या पद्धतीने दाबून साठवलेले असते आणि जुन्या टीव्हीला ते उलगडता येत नाही. खरी गरज तिथे लागते.

या पेटीचा जीव म्हणजे एकाच बोर्डावर बसवलेला पूर्ण संगणक. त्यातला सर्वांत परिचित म्हणजे रास्पबेरी पाय. इंग्लंडमधील केंब्रिज येथे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना संगणक शिकता यावा म्हणून तो काढला, आणि 2012 साली 35 डॉलरला तो बाजारात आला. आकार एटीएम कार्डाएवढा. त्याचे पुढचे अवतार निघत गेले; आपल्या कामाला 2019 साली आलेला चौथा पुरे, आणि त्यातलाही 2 जीबीचा. 2023 साली पाचवा आला. तो जास्त वेगवान आहे, पण तापतोही जास्त. कामाचा भार वाढला की त्याला पंखा जोडावा असे बनवणारेच सांगतात. आपल्याला पंखा नको आहे, म्हणून मी चौथाच घ्या म्हणेन.

पंखा का नको? एक तर ज्या खोलीत टीव्ही त्याच खोलीत लेकरे आणि म्हातारी माणसे झोपतात. रात्री ती भुणभुण नकोशी होते. दुसरे कारण शेतकऱ्याच्या घरापुरते अधिक मोठे आहे. पंखा हवा आत ओढतो आणि हवेबरोबर मळणीची धूळ, भुसा, कापसाचे तंतू, चुलीची काजळी हेही ओढतो. दोन हंगामांत आत जाळी धरते, पंखा अडकतो आणि यंत्र तापून बसते. पंखाच नसेल तर आत ओढले काही जात नाही. मग थंड कसे राहायचे? मोटारसायकलच्या इंजिनाला बाहेरून पट्ट्या पट्ट्या असतात, त्या उष्णता हवेत सोडतात. तसेच ॲल्युमिनियमचे पट्ट्यांचे कवच या बोर्डासाठी मिळते. बोर्डावरच्या मुख्य चिपला ते आतून टेकते आणि सगळे कवचच उष्णता बाहेर टाकते. हात लावल्यास कोमट लागेल, घाबरू नये. चिप 80 अंशांच्या पुढे गेली की स्वतःच वेग कमी करते. तरी विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात पेटी पश्चिमेच्या भिंतीला, बंद कपाटात किंवा टीव्हीच्या पाठीला चिकटवून ठेवू नये. मोकळ्या फळीवर ठेवावी आणि वर रुमाल झाकू नये. आपल्याकडे टीव्हीला विणलेला रुमाल घालण्याची हौस फार!

बाकी सामान थोडे आहे. 16 किंवा 32 जीबीचे चांगल्या प्रतीचे मेमरी कार्ड. एका टोकाला बारीक तोंड असलेली एचडीएमआय वायर. आणि 5 व्होल्ट 3 अँपिअरचा, याच बोर्डासाठी केलेला चार्जर. या चार्जरमध्ये काटकसर करू नये. मोबाईलचा जुना चार्जर लावला की दाब कमी पडतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह येते. ते दिसले की दोष बोर्डात शोधू नये, आधी चार्जर आणि वायर बदलावी. चित्रणे ठेवण्यासाठी पेनड्राइव्ह किंवा एसएसडी घ्यावी. आत तबकडी फिरणारी जुनी हार्डडिस्क आवाजही करते आणि वीजही जास्त ओढते.

कार्डावर लिब्रेईलेक नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालायची. तिच्यातच कोडी हा चित्रे दाखवणारा कार्यक्रम असतो. रास्पबेरी पाय इमेजर हे साधन कोणाच्याही लॅपटॉपवर उतरवून त्यातून ती कार्डावर लिहिता येते. इंटरनेट लागते ते एवढ्यापुरतेच. पुढे पेनड्राइव्हवरचे पाहायला लागत नाही. मग कार्ड बोर्डात घालावे, वायर चार्जरच्या तोंडाजवळच्या एचडीएमआयमध्ये लावावी आणि बटण दाबावे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू केले की टीव्हीच्याच रिमोटने पेटी चालते. काही कंपन्या त्याला वेगळे नाव देतात, एवढे लक्षात ठेवावे. आजीला नवा रिमोट शिकवावा लागत नाही, हे मला यातले सर्वांत मोलाचे वाटते.

विजेचे म्हणाल, तर चालू असताना साधारण पाच वॅट लागतात. रोज चार तास पाहिले तरी एक युनिट जळायला पन्नास दिवस लागतील. भारनियमनाचे मात्र भय आहे. कार्डावर काही लिहिले जात असताना वीज गेली तर आतली नोंद बिघडू शकते, म्हणून घरात इन्व्हर्टर असेल तर पेटी त्यावर घ्यावी आणि बंद करताना आधी रिमोटने मेनूतून बंद करून मगच बटण काढावे. पावसाळ्यात ढग गडगडू लागले की चार्जर आणि टीव्ही दोन्हींचे प्लग काढून ठेवावेत.

गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे कसे लावावेत, बीजप्रक्रिया कशी करावी, अशी चित्रणे बचत गटाच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवली की बाया प्रश्न विचारतात. मोबाईलवर पाठवलेली बहुधा कोणी उघडतही नाही. त्यांचा एक वेगळा कप्पा करावा. घरच्या चित्रणांना आधी साल आणि मग प्रसंग अशी नावे द्यावीत, म्हणजे सालाप्रमाणे आपोआप ओळीने लागतात. आणि या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ती दुसऱ्या घरात ठेवावी. लेकीच्या सासरी ठेवली तरी चालेल. दिवाळीला ती आली की नवी चित्रणे त्यात भरून परत द्यावी.