डार्ट चुकतो कसा?

नोव्हेंबर २०२५. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन आठवड्यांत तिघांचा जीव घेतला, तेव्हा चिडलेल्या लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. पाठोपाठ वन विभागाच्या पथकाला रात्री बिबट्या दिसला. आधी बेशुद्धीचा डार्ट मारला. तो चुकला, बिबट्या पथकावर चालून आला आणि मग रायफल चालवावी लागली. सराईत माणसांचा नेम असा चुकतो कसा, हे समजून घ्यायचं तर माणसांपेक्षा डार्टच्या वेगाकडे पाहायला हवं.

डार्ट म्हणजे उडती सिरिंज. मागे स्थिरतेसाठी रंगीत गोंडा, पुढे बाजूला भोक असलेली सुई आणि त्या भोकावर एक छोटी रबरी नळी. सुई कातडीत घुसली की नळी मागे सरकते, भोक मोकळं होतं आणि मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा औषध स्नायूत ढकलते. हे सगळं बिबट्याच्या मांडीत किंवा खांद्यात व्हायला हवं, हाड न मोडता. म्हणून वेग मुद्दामच कमी ठेवतात.

किती कमी? तुलनेसाठी आधी रायफलची गोळी पाहू. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातली पॉइंट टू टू गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. स्पर्धेच्या गोळ्यांचा वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाहून थोडा कमी ठेवलेला असतो. कारण आवाजाहून वेगाने सुटलेली गोळी वाटेत मंदावून ती सीमा ओलांडते, तेव्हा दाबाच्या लहरींनी डगमगू शकते. ५० मीटर जाताना ही गोळी गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. लक्ष्याचं अंतर मात्र ठरलेलं असतं, त्यामुळे नेम धरायची साइट एकदा जुळवली की भागतं.

आता १० ग्रॅमचा डार्ट घ्या, वेग सेकंदाला ६० मीटर. वजन गोळीच्या चौपट, पण ऊर्जा तिच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकीच. ३० मीटर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सव्वा मीटर खाली येतो. बिबट्या २५ मीटरवर आहे असं समजून साइट लावली आणि तो प्रत्यक्षात ३० मीटरवर असला, तर डार्ट जवळजवळ वीतभर खाली जातो. वीतभर म्हणजे मांडीऐवजी पोटरी, नाहीतर नुसतं गवत. शिवाय त्या अर्ध्या सेकंदात जनावर एक पाऊल टाकू शकतं, आणि उसाचं एखादं पानही एवढ्या मंद डार्टला वळवायला पुरतं. अंधारात, उसाच्या कडेला पाच मीटरचा अंदाज चुकणं काही अवघड नाही. म्हणूनच अंतर मोजणारं लेझर यंत्र मला बंदुकीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

विहिरीत पडलेल्या बिबट्याचं गणित आणखी वेगळं. जुन्नर-आंबेगावात हा प्रसंग नवा नाही. काठावरून ४५ अंश खाली रोखलं आणि जनावर तिरप्या रेषेत २० मीटरवर असलं, तरी साइट साधारण १४ मीटरची लावायची. कारण नेम बिघडवणारी घसरण मुख्यतः आडव्या अंतरावर ठरते. २० ची लावली तर डार्ट डोक्यावरून जाईल. पण पाण्यात पोहणाऱ्या बिबट्याला बेशुद्ध करायचंच नसतं, तो बुडेल. तिथे आधार म्हणून खाट किंवा पिंजरा सोडणंच बरं.

आणि नेम लागला तरी बिबट्या जागेवर कोसळत नाही. केटामाइन-झायलाझिनचा असर व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात तो उसात शिरतो आणि गर्दीला वाटतं, डार्ट वाया गेला. खरं तर पथकाचं सगळ्यात जोखमीचं काम तिथून सुरू होतं: लोकांना मागे ठेवून, उसात न घुसता थांबायचं आणि मग अर्धवट शुद्धीतलं जनावर शोधायचं.