जुने घर घेताना: आधी कागद, मग कुदळ

लंडनला शिकत असताना 1921-22 मध्ये बाबासाहेब 10, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. ते जुने घर महाराष्ट्र सरकारने 2015 साली विकत घेतले, दुरुस्त केले. पण राहत्या घराचे संग्रहालय करायला तिथल्या कॅम्डेन नगरपालिकेने परवानगी नाकारली. चौकशी होऊन मंजुरी मिळायला मार्च 2020 उजाडला. कागदापायी सरकारची ही गत, मग मानोऱ्यातल्या मजूर कुटुंबाने किती जपायला हवे!

बंधू-भगिनींनो, जन्माची कमाई देण्याआधी कागद बघा. घरटॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे. नोटरी केलेल्या स्टँपपेपरनेही घर आपले होत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखतच लागते. जागा गावठाणातली, ई-क्लासची की भोगवटादार वर्ग 2 ची, हे तलाठ्याकडे विचारा. घर वडिलोपार्जित असेल तर भावांबरोबर बहिणींच्याही सह्या घ्या. खरेदी फक्त घरच्या बाईच्या नावे केली, तर 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

मग घर बघा, तेही भर पावसात. तेव्हा गळती लपत नाही. आपली काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यासोबत भिंतीही तडकतात. केसाएवढा तडा चालेल. बोट जाईल एवढी तिरपी भेग दिसली, तर जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

दुरुस्ती वरून खाली करा. आधी छप्पर आणि वाळवी लागलेली लाकडे, मग पाण्याचा निचरा, मग भिंती, शेवटी फरशी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. आत ओल कोंडते आणि थर सुटून पडतो. माती-भुशाचा गिलावा करून वर चुना द्या. हे काम घरची माणसे सुटीच्या दिवशी करू शकतात. विजेची जोडणी आणि भार पेलणारी भिंत मात्र जाणकारावरच सोपवा.

जागा स्वतःची आणि घर कच्चे असेल, तर पैसा घालण्याआधी रमाई आवास योजनेची चौकशी करा. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच ती आहे. मानोरा शहरात नगरपंचायतीत, खेड्यात ग्रामपंचायतीत विचारा.

आणि खरेदीखत मुलांच्या शाळेच्या दाखल्यांसोबत जपून ठेवा. भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. खोट्या कागदावर गेलेले घर परत मिळत नाही.