ऑस्कर रॉबर्टसनचा दावा

आपल्या पोरांना अमेरिकन बास्केटबॉलपटूंचे कोट्यवधी डॉलर्सचे करार तोंडपाठ असतात. पण ज्याच्या लढ्याने हे करार शक्य झाले, त्या ऑस्कर रॉबर्टसनचे नाव काढले की सारे गप्प! म्हणून आज आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत.

रॉबर्टसनचा जन्म १९३८ चा. इंडियानापोलिस शहरातील त्याची क्रिस्पस अटक्स शाळा १९२७ साली काळ्या मुलांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवण्यासाठीच काढलेली. १९५५ मध्ये याच शाळेने राज्याचे अजिंक्यपद जिंकले. विजेत्यांचा जल्लोष शहराच्या मुख्य चौकात व्हायचा, ही तिथली रीत. या पोरांची मिरवणूक मात्र चौकाला वळसा घालून काळ्यांच्या वस्तीतील बागेकडे नेण्यात आली. जिंका, पण नाचा आपल्याच वस्तीत! आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

पुढे १९६० चे ऑलिम्पिक सुवर्णपदक. मग सिनसिनाटी रॉयल्स संघात गार्ड. १९६१-६२ च्या हंगामात त्याची सामन्यामागे सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट. तिन्ही सरासरी दोन आकडी! हा पराक्रम दुसऱ्या कुणाला साधायला २०१७ साल उजाडावे लागले. १९७१ मध्ये मिलवॉकी बक्सकडून अजिंक्यपदही मिळाले.

वकील म्हणून आम्हाला मात्र त्याचे दुसरे कोर्ट अधिक मोलाचे वाटते. तेव्हा खेळाडूचा करार संपला तरी मालक तो एकतर्फी वाढवू शकत असे. खेळाडूला मनाजोगत्या संघात जाता येत नसे. कागदावर करार, व्यवहारात वेठबिगारी. दुसरी एक लीग उभी राहिली, खेळाडूंना चार पैसे जास्त मिळू लागले, तेव्हा मालकांनी दोन्ही लीग एक करण्याचा घाट घातला. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असलेल्या रॉबर्टसनने १९७० मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा ठोकला. तोही स्वतः खेळत असताना, त्याच मालकांचा पगार घेत असताना!

१९३८ मध्येच मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी बजावले होते की, संपाला गुन्हा ठरविणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय. श्रम कुणाला आणि कोणत्या अटीवर द्यायचे हे श्रम करणाऱ्याने ठरवायचे, हेच सूत्र रॉबर्टसनच्या दाव्यातही आहे.

१९७६ मध्ये तडजोड झाली. ते जाचक कलम गेले, खेळाडूंना संघ निवडण्याची वाट खुली झाली. त्या तरतुदीला आजही ‘ऑस्कर रॉबर्टसन नियम’ म्हणतात. रॉबर्टसन स्वतः १९७४ मध्येच निवृत्त झाला होता. या नियमाखाली तो एक दिवसही खेळला नाही.