निर्णयाचे ओझे कागदावर उतरवा

बोळिंजमध्ये आज उंच इमारती आणि म्हाडाची मोठी वसाहत दिसते. तरी वसई-विरार पट्ट्यात भात, भाजी, केळी, फुले आणि विड्याच्या पानांची शेती अजून टिकून आहे. आपल्या वस्त्यांतील कोणी खंडाने जमीन करतो, कोणी दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला जातो, तर कोणाचे आई-वडील विदर्भ-मराठवाड्यात गावची दोन-चार एकर सांभाळतात. पाऊस लांबला की फोन गावाहून येतो आणि झोप इथल्या घरातली उडते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केली. त्यात ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर होते. एकट्या महाराष्ट्रातील संख्या ४,२४८. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्यावरचा ताणही तितकाच जीवघेणा आहे.

दोष डोक्याचा नव्हे

तामिळनाडूतील ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची विचारशक्ती तोडणीपूर्वी, म्हणजे पैशाची चणचण असताना, आणि तोडणीचे पैसे मिळाल्यावर तपासली गेली. चणचणीच्या काळात तीच माणसे चाचणीत स्पष्टपणे मागे पडली. माणूस तोच, पण निम्मे डोके पैशाच्या विवंचनेत गुंतलेले. ‘मला काही सुचतच नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्याला मूर्ख किंवा आळशी ठरवू नये.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. भांडवल आणि अवजारांची कमतरता, शेतीवर पडलेला जास्तीच्या माणसांचा भार आणि त्यावर उद्योगीकरणाचा उपाय त्यांनी त्यात मांडला. शेतीच्या दुखण्याची मुळे एका घराच्या कर्तबगारीपेक्षा खोल आहेत. त्यासाठी संघटितपणे लढावेच लागते. पण उद्या सकाळी काय करायचे, हा प्रश्न घरातच सोडवायचा असतो. त्यासाठी काही साध्या पद्धती आहेत.

१. दोन रकाने. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला आपल्या हातातल्या गोष्टी लिहा : कोणते पीक, किती खर्च, कोणाकडून कर्ज. दुसऱ्या बाजूला हाताबाहेरच्या : पाऊस, बाजारभाव. विचार पहिल्या रकान्याचाच करा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या.

२. नियम आधीच ठरवा. कोरडवाहू भागात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी तज्ज्ञ सांगतात. हा नियम मे महिन्यातच घरात ठरला, तर जूनमध्ये शेजाऱ्याचे तिफण पाहून जीव घाबरा होत नाही. कर्जाचीही मर्यादा हंगामापूर्वी ठरवा आणि आकडा वहीत लिहा.

३. गुण द्या. भात निघाल्यावर वांगी लावावीत की जमिनीच्या ओलीवर वाल पेरावा? उत्पन्न, आधी लागणारा खर्च, नुकसान सोसण्याची ताकद आणि पाणी या चार बाबींना पाचपैकी गुण द्या. सोयीचे असेल त्याला जास्त. घरावर कर्ज असेल तर ‘नुकसान सोसण्या’चे गुण दुप्पट धरा. समजा वांग्याला ५, २, २ आणि २ मिळाले. तिसरा आकडा दुप्पट करून बेरीज १३. वालाला २, ४, ४ आणि ५; बेरीज १९. यंदा वाल. पुढच्या वर्षी कर्ज फिटले तर उत्तर बदलेलही. पुढे भाव पडला तरी ‘मीच चुकलो’ ही टोचणी कमी होते, कारण निर्णय विचार करून घेतलेला असतो.

४. एकट्याने ठरवू नका. कालाम सुत्तात भगवान बुद्ध सांगतात : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्यावर काही मानू नका, ते हिताचे आहे का, सुज्ञ लोक त्याला चांगले म्हणतात का, हे स्वतः पारखा. औषध दुकानदार म्हणाला म्हणून महागडी फवारणी घेण्यापूर्वी हीच कसोटी लावा. चर्चेत घरातील स्त्री असलीच पाहिजे. लावणी, निंदणी आणि घरखर्च यांचा हिशेब तिलाच जास्त ठाऊक असतो. रात्री उशिरा, रागात किंवा दारू प्यायल्यावर जमीन विकण्याचा वा कर्जाचा निर्णय घेऊ नका. सकाळपर्यंत थांबा.

वही पुरत नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक गेली, माणूस कोणाशी बोलेनासा झाला, दारू वाढली, ‘माझ्यानंतर पोरांकडे बघा’ अशी भाषा सुरू झाली, तर तो आजार समजा. अंगारे-धुपारे करण्यात वेळ घालवू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन मोकळे होते. अशा माणसाला एकटे सोडू नका. कीटकनाशके घरात ठेवू नका. कुलूपबंद ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीत बोलता येते. कोणी विष घेतलेच तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा.

आपल्या विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास यासाठी काढता येईल. खंडाची रक्कम, बियाण्याचा खर्च, मजुरीचे दर असे सगळे आकडे चारजणांनी मिळून मांडावेत. जो महिनाभर वंदनेला आला नाही, त्याच्या घरी दोघांनी जाऊन यावे. कर्ज लगेच फिटणार नाही, पण ते एकट्याने वाहण्याची पाळी येणार नाही.

जयभीम!