जुन्या विहिरी, डांस आणि मासे

१. जुन्या विहिरी व बारवा ह्या इतिहासाच्या साधनांपैकीं होत. पायऱ्यांवरील शिलालेख, कोनाड्यांतील मूर्ति आणि चिऱ्यांची घडण यांवरून कर्त्याचा व काळाचा कांहीं ना कांहीं पत्ता लागतो. परंतु जिचा उपसा थांबला त्या बारवेंत डांसांची पैदास होते, व ती बुजवावी अशी मागणी पुढें येते. बुजविण्यावांचून दुसरा उपाय आहे कीं काय, हें पाहणें प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे मशकांचे पांच प्रकार दिले आहेत. पैकीं पार्वतीयाचा दंश प्राणहारक कीटकांच्या दंशासारखा मानिला आहे. एवढ्यावरून हिंवतापाचें कारण प्राचीनांस अवगत होतें असें अनुमान काढणें युक्त नव्हे. रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथें ता. २० ऑगस्ट १८९७ रोजीं डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु आढळले, तेव्हां त्या शोधास निश्चित दिशा लागली.

३. मुंबईच्या हिंवतापावरील डॉ. बेंटली यांचा अहवाल इ. स. १९११ मध्यें छापला गेला. ‘ॲनॉफिलिस स्टीफेन्सी’ जातीचे डांस रोग पसरवितात व त्यांचें मुख्य उत्पत्तिस्थान शहरांतील विहिरी होत, असें त्यांत दाखविलें होतें. पुढें पुष्कळ विहिरी बुजविण्यांत वा झांकण्यांत आल्या. विहीर पवित्र मानणाऱ्या हिंदु व पारशी मंडळींस हें रुचलें नाहीं. रुस्तम पेस्तनजी मसाणी यांच्या विहिरींच्या लोककथांवरील इ. स. १९१८ च्या ग्रंथास ह्याच वादाची पार्श्वभूमि आहे. चर्चगेटजवळील इ. स. १७२५ ची भिखा बेहराम विहीर मात्र अद्यापि वंद्य आहे.

४. आतां उपाय. डांसाची अळी पाण्यांत वाढते, पण श्वासासाठीं तिला पृष्ठभागीं यावें लागतें. म्हणून वर वळलेल्या तोंडाचे व पृष्ठभागीं चरणारे लहान मासे तिचे उत्तम शत्रु होत. डोक्यावर चकाकता ठिपका असलेले ‘ॲप्लोकायलस’ वर्गांतील एतद्देशीय मासे ह्याच प्रकारचे आहेत. अमेरिकेकडील गप्पी व इ. स. १९२८ मध्यें इटलींतून आणलेला गँबुसिया हेहि अळ्या खातात. परंतु गँबुसिया इतर माशांचीं व बेडकांचीं पिलेंहि खातो. सबब देशी मासा मिळत असतां तोच घ्यावा, आणि ज्या विहिरीचें पाणी ओढ्यास मिळतें तींत परका मासा सोडूं नये.

५. केवळ मासे सोडून भागत नाहीं. शेवाळ व तरंगता पाला यांच्या आड अळ्या लपतात. तो काढून पाणी उघडें ठेवावें व उपसा चालू करावा. उन्हाळ्यांत आटणाऱ्या बारवेंत मासे दरवर्षीं नव्यानें सोडावे लागतील. उष्ण दिवसांत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठदहा दिवस पुरतात. यास्तव विहिरीजवळच्या दोणी व रांजण आठवड्यांतून एकदां रिते करून, घांसून, कोरडे करावे. घांसलेटाचा तवंगहि अळ्या मारतो, पण पाणी पिण्यास निरुपयोगी करितो.

६. शिलालेखाचा ठसा घेण्यास जाणाऱ्या संशोधकानें पाण्याची खोली, उपसा, मासे व अळ्या यांचीहि टिपणांत नोंद करावी. बारव बुजविण्याचा प्रश्न निघेल तेव्हां लेखाच्या वाचनाइतकीच ही नोंदहि तिच्या रक्षणास उपयोगीं पडेल. कारण गांवकऱ्यांस तापाचें भय असेपर्यंत केवळ प्राचीनत्वाचा आधार पुरा पडत नाहीं.